फेरातली पुढची ओळ

माय, परवा पंचमीला गावी गेले होते. शेजारच्या काकूच्या सुनेनं जुनी कॅसेट मोबाईलात भरून आणलीय, सगळ्याजणी मिळून ऐकू, असा निरोप आला म्हणून लातूरहून सकाळचीच चाकूरची एस्टी धरली. देवळापुढं सतरंजी, मधोमध तांब्याएवढा स्पीकर, भोवती दहाबारा बाया. निम्म्यांचे गुडघे गेलेले, तरी गाणं सुरू झाल्याबरोबर बसल्या जागी पाय हलायला लागले.

ती आपल्याच अंगणातली पंचमी निघाली. मी तेव्हा चौदा वर्षांची, बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तोवर गावाचा फेर तूच म्हणायचीस; तू ओळ टाकायचीस, बाकीच्यांनी झेलायची. त्या वर्षी तू आत पुरणाची दिंडं उकडत बसलीस. विधवेनं फेरात यायचं नाही, हे तुला कुणाला सांगावंही लागलं नाही. काकूनं टेप आणला होता आणि विजेचा बोर्ड फक्त स्वयंपाकघरात, म्हणून तो तिथल्या खिडकीत ठेवलेला. कॅसेटवर म्हणणारी नवी होती. चौथ्या ओळीला ती अडली, पाय थांबले, आणि आतून एका बाईनं पुढची ओळ दिली. मग त्याच्याही पुढची. अंगणातल्या बायांनी ती झेलली आणि फेर पुन्हा फिरायला लागला.

"तुझी माय हाय ती," काकू म्हणाली. "आतून म्हणायलीय बघ."

मी मान डोलावली. बाया डोळे पुसत उठल्या, हात धरले, तुझ्या आवाजावर फेर धरला. काकूनं मलाही ओढलं. माझा नवरा जाऊन दुसरं वर्ष. "मी कशी येऊ?" म्हटलं, तर म्हणते, "चल गं, आता कोण मानायलंय ते?" इतक्या सहज घेतलं मला त्यांनी. मला त्यांचाही राग आला आणि तुझाही. तू एकदा तरी भांडायचं होतंस, माय.

दोनेक वळसे झाले असतील. तेवढ्यात स्पीकरमधून एक पोरगी अगदी जवळून बोलली, "हळू की जरा! लोकं काय म्हणतील? लाज न्हाई वाटत?" आणि तू गप झालीस. ओळ अर्धीच राहिली. पुढं नुसता भांड्यांचा आवाज. आमचेही हात सुटले.

त्यानंतर तू कधी म्हटलं नाहीस. माझ्या हळदीला बायांनी किती गळ घातली. "गळा बसलाय," म्हणालीस. तू जाईपर्यंत तो बसलेलाच राहिला. आणि मी इतकी वर्षं गावाला नावं ठेवत आले, लोकांनी माझ्या मायचं तोंड बंद केलं म्हणून. शाळेत मी शिकवते त्या पोरींनाही तसंच सांगत आले.

"कोण गं ही पोरगी, एवढी तोंडाळ?" काकूनं विचारलं. आत त्या दिवशी पोरी तर दहा होत्या. सुनेनं तेवढंच पुन्हा लावलं. सगळ्या कान देऊन ऐकत होत्या.

"काय की," मी म्हटलं. "ओळखू येईना."

हा कागद चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. द्यायचा कुणाला? पण एक तुला सांगायलाच हवं. काकू बोलेपर्यंत तुझा आवाज मला ओळखू आला नव्हता. माझा मात्र पहिल्या शब्दाला ओळखला.