कोनता नंबर काटला

परागचे बाबा,

वरण-भात झाकून ठेवला हाय, भाजी तेवढी गरम करून घ्या. मी सुपेल्याले भागाबाईकडे चालली, उशिरानं येईन. माझ्या फोनवर लावू नका, लागणार नाही.

सकाळी सिविक सेंटरच्या मोबाईल दुकानात गेली होती. करार मधातच तोडला तर दंड लागते. पण घरच्या तीन नंबरांतून एक काढला तर पुढच्या महिन्यापासून बिल कमी होते, असं तिथली पोरगी बोलली. तुमी काल ताटावरून उठता उठता म्हणाले होते, "परागचाच काट, तो आता या घरचा नाही." प्लान तुमच्या नावानं हाय, म्हणून ओटीपी मांगाले मी तुमाले प्लांटात ड्युटीवर फोन केला, तवा तुमी लगेच सांगून देला. कोनता नंबर काटून राहिली, ते विचारलं नाही.

मी माझा काटला.

नोकरी सोडून तो पुण्याले गेला, चुकला असंन. पण त्याचा नंबर बंद झाला असता, तर कोनी केला हे त्याले समजलं असतं. दर रविवारी रात्री तो मले फोन करते, तवा तुमी तोंडासमोर पेपर धरून बसता. पेपराचं पान एकदाही पलटत नाही. मले दिसते ते.

आज रविवार हाय. माझा लागला नाही, तर तो घाबरून तुमालेच लावीन. घरी दुसरं कोनी नसन, फोन कोनाच्या हातात देता येणार नाही.

चार्जर टीव्हीपाशी हाय. आत्ताच लावून ठेवा.

सिंधू