पाचूबंदरच्या ताडपत्रीवरचा ढीग

प्रिय आये,

काल चर्चमध्ये तुझ्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा झाली आणि आज दुपारी माझा अहवाल पालिकेत गेला. दोन्ही कामं पार पडली. घरी येऊन हातपाय धुतले, भात लावला, आणि मग लक्षात आलं की अहवाल गेला हे सांगायला घरात कोणीच नाही. म्हणून लिहितेय.

रडू अजून आलेलं नाही. सिमेतरीत तुला मातीत ठेवताना रॉकी, एवढा दर्यावर जाणारा तुझा लेक, लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. शेजारणी माझ्याकडे बघत होत्या. काय करू? येतच नाही.

आईला माझी नोकरी कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. तू मात्र बाजारात सांगायचीस, "पोरगी इंजिनिअर हाय, कचरा मोजते." बरोबरच होतं की गं ते! बंदरावर आणि आसपास जमणाऱ्या प्लास्टिकचं काय करायचं, एवढंच मला शोधून द्यायचं होतं. वितळवून पुन्हा वापरात आणायचं, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळायचं, की त्यातून तेल काढायचं?

त्यासाठी नमुने हवे होते. जाळ्यात येणारं प्लास्टिक परत दर्यात टाकू नका, किनाऱ्यावर आणा, असं मी रॉकीला आणि बाकीच्या होडीवाल्यांना सांगितलं. ताडपत्री पसरली. ढीग पडला, पण निवडायला कोणी येईना. तिसऱ्या दिवशी तू मासळी विकून आलीस, पाटी बाजूला ठेवलीस आणि सरळ खाली बसलीस. मी बोलावलं होतं का तुला?

"तुज्यासाठी नाय बसत," तू म्हणालीस. "रॉकीच्या जाल्यासाठी बसते."

तुझ्यामागोमाग अकरा जणी आल्या.

माझ्याकडे प्लास्टिकची जात ओळखायचं यंत्र होतं. ओल्या, वाळू चिकटलेल्या तुकड्यांवर ते चालेना. तू पिशवी मुठीत चुरगाळून कानाशी न्यायचीस. "ही कुरकुरते. ती नाय. दोन ढीग कर." मी नंतर ते प्रयोगशाळेत तपासून घेतलं. जवळजवळ सगळं बरोबर निघालं. हे तुला सांगायचं राहिलं. तू जायच्या दोन दिवस आधीच निकाल हातात होता, तरी राहिलं.

आणि मग त्या मंगळवारची सकाळ. तू म्हणालीस, "बाय, छातीत कसंतरीच होतंय."

मी काट्यावरचं वजन वहीत उतरवत होते. मान वर न करता म्हणाले, "गॅस आसंल. पानी पी. एवढा ढीग संपू दे, मंग जाऊ."

तू पाणी प्यायलीस आणि ढीग संपवलास. चिप्सची पाकिटं होती, आतून चंदेरी. संध्याकाळी घरात केस सोडता सोडता खाली बसलीस, ती उठलीच नाहीस.

तुला सकाळीच दवाखान्यात आणलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी मात्र रोज स्वतःला सांगते. तू तरी ओरडायचंस ना माझ्यावर! रॉकीवर सगळ्या बंदराला ऐकू जाईल एवढी ओरडायचीस. माझं काम म्हटलं की गप्प का बसायचीस?

नवव्या दिवशी मी ऑफिसात गेले. आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "निवडण्याच्या भानगडीत पडू नका. सगळं एकत्र भट्टीला पाठवा असं लिहा. त्या बायका किती दिवस बसणार?" मी तसा मसुदा लिहिला. खोटं कशाला सांगू, लिहिला. मला काही वाटतच नव्हतं, वाद कुठून घालणार?

पण तू गेल्यापासून त्या अकरा जणीही येत नव्हत्या. ढीग न निवडताच पडून होता. त्यातलाच नमुना भट्टीला पाठवला. तिथल्या माणसाने फोन केला, "मॅडम, हे ओलं आहे, खारं आहे. वर पाइपाचे नि रेनकोटाचे तुकडे. ते जाळले तर विषारी धूर होतो, भट्टीही खराब होते. आम्ही नाही घेणार." तुझ्या हाताखालून गेलेला नमुना त्यांनी बिनतक्रार घेतला होता.

मग मी मसुदा बदलला. तुझ्या आठवणीने नाही हं. चाचण्यांनीच बदलायला लावला. बाटल्या, दुधाच्या पिशव्या, नायलॉनची तुटकी जाळी पुनर्वापराला. चंदेरी पाकिटं आणि मळलेल्या पातळ पिशव्या वाळवून भट्टीला. पाइप नि रेनकोट वेगळे, जाळायला अजिबात नाहीत. तेलाचं सध्या नको, एवढ्या खाऱ्या मालावर ते जमणार नाही. आणि या सगळ्याच्या आधी, हाताने निवड.

"निवडणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"ज्यांना येतं त्या. पगारावर. सावलीत बसून, हातमोजे घालून. आणि दर महिन्याला डॉक्टर येऊन तपासेल."

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. आज पालिकेतले अधिकारी म्हणाले, आधी फक्त बंदरापुरतं करून बघू. अर्धंच मिळालं, आये. आनंद व्हायला हवा होता. मी रिक्षात बसले आणि घरी आले.

पुढच्या महिन्यात शेड उभी राहील. तुझ्या जागी कोणीतरी बसेल आणि ते मला रोज बघावं लागेल. बघेन. पण एवढा शब्द देते. त्यांच्यातली कोणी नुसतं "कसंतरी होतंय" म्हणाली, तरी काटा, वही, ढीग सगळं तिथंच टाकून मी तिला दवाखान्यात नेईन. ती नको म्हणाली तरी नेईन.

तुझी,
ग्रेसी