मशीन विकायला माझी काही हरकत नाही

सोमवार, ३ तारीख, सकाळ
बाई, हे मला वाचून दाखवाल तेव्हा आधी चष्मा डोक्यावरून नाकावर घ्या. काल तो शोधण्यातच माझी सकाळ घालवलीत. आणि म्हणे जन्मभर पोस्टात होतात! लोकांची पत्रं पोचली कशी, देव जाणे.

लिहा. मोडलेला पाय जुळतोय, आठवड्याभरात या सेंटरमधून सुट्टी. इथली काउन्सेलर पोरगी म्हणाली, आजी, तुम्ही फीलिंग्ज दाबून ठेवता. म्हटलं, अगं, मी तोंडात टाचण्या धरून गावाचे कपडे शिवले. बोलले असते तर गिळल्या असत्या. ती हसली नाही.

तिने नेम दिलाय. सकाळी छातीवर हात ठेवून पाच सावकाश श्वास. मग दिवसातून एकदा, स्वतःची एक खरी गोष्ट मोठ्याने बोलायची. दोन दिवसांत उरकते. आत आहेच काय?

मुलगा माझी भाड्याची खोली सोडतोय, शिलाई मशीन विकतोय. गिऱ्हाईक शुक्रवारी येणार. पुढे मी त्याच्याकडे राहायचं. मी चालेल म्हटलं. मला काहीही वाटत नाही. ‘काहीही’खाली रेघ मारा.

मंगळवार, ४ तारीख, सकाळ
तिसऱ्या श्वासाला झोप लागली. म्हणजे पूर्ण रिलॅक्स. पोरगी म्हणते, तसं नसतं.
खरी गोष्ट: शेजारच्या कॉटवरच्या बाई घोरतात. मला फार मोकळं वाटलं. बाई, पेन का थांबलं?

संध्याकाळ
मुलाशी मशीनबद्दल बोलायचा प्लॅन पक्का होता. तो म्हणाला, आई, मशीनचं कव्हरही देऊन टाकू ना? म्हटलं, चालेल. मग त्याच्या शर्टाचं बटण ढिलं झालंय यावर तो उठेपर्यंत बोलले. उद्या नक्की.

बुधवार, ५ तारीख
छातीवर हात ठेवला तर नर्स धावत आली, बीपी घेतलं. नेम तिच्यामुळे मोडला, माझ्यामुळे नाही.
पोरगी म्हणाली, खरी गोष्ट दुसऱ्याची नको, स्वतःची सांगा. म्हटलं, मला रडू येत नाही. तिने रुमाल पुढे केला. त्याची कड उसवलेली होती. सुई-दोरा मागवून शिवून दिला.
संध्याकाळी मुलगा आला. मी धीर करून तोंड उघडलं. चालेल, एवढंच निघालं. त्याने काही विचारलंही नव्हतं.

गुरुवार, ६ तारीख, संध्याकाळ
दुपारी रंगीत तालीम केली. बाई माझा मुलगा झाल्या. मी ठणकावलं, मशीन विकायचं नाही. बाई हुंदके देत म्हणाल्या, आई, आम्हाला टाकून जाऊ नकोस. फार छान जमलं.

मग खरा मुलगा आला, सूनही आली. सून सूप भरवायला बसली. चमच्यावर फुंकर मारली, माझी हनुवटी पुसली. माझी! आणि आतून काय उसळलं कोण जाणे, मी भोकाड पसरलं. नाही यायचं मला तुमच्याकडे. माझं मशीन, माझी खिडकी, माझ्या दाराची किल्ली. हात लावून बघा कुणी.

आता हे विनवण्या करणार, असं वाटलं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा विचार करते म्हणायचं, इथपर्यंत ठरवलं होतं.

मुलगा म्हणाला, बरं.

सून म्हणाली, मग आमच्या पोरीची खोली रिकामी करायला नको. महिनाभर दोघं मनात नसताना एकमेकांना चालेल, चालेल म्हणत होती म्हणे. गिऱ्हाइकाला फोन तिथल्या तिथे केला. परत जाताना दोघं जिन्यात हसत होती, मला स्पष्ट ऐकू आलं. अरे, खोटा का होईना, एकदा तरी आग्रह करायचा!

काउन्सेलर पोरगी आली. म्हणाली, शाबास आजी, कसं वाटतंय? म्हटलं, अपमान झाल्यासारखं. म्हणाली, हेही फीलिंगच आहे.

नेम आजपासून बंद. रडून पोटात खड्डा पडलाय. बाई, सुनेला फोन लावा. म्हणावं, सूप पुरे. उद्या अंडी उकडून पाठव, टरफलासकट, मिरपूड वेगळ्या पुडीत. चार नको, सहा पाठव. दोन तुमच्यासाठी आहेत, पण मी तसं म्हणाले हे लिहू नका.