तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

विजू बाळा,

टीव्हीवर पुन्हा तैवानचा नकाशा आणि त्याच्याभोवती चिनी जहाजं दाखवतायत. तुझ्या आईनं आज टीव्ही बंदच करून टाकला. रोज रोज घाबरूनसुद्धा माणूस थकतो गं.

काल तू फोनवर म्हणालीस, "बाबा, कंपनी आम्हा भारतीयांना परतीचं तिकीट देतेय. पण मी थांबते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना एकटीनं जिना उतरवत नाही. सायरन वाजला तर त्यांना तळघरात कोण नेणार?"

मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन आईकडं दिला. आणखी बोललो असतो तर रडलो असतो.

आज चाकणला कंपनीत जेवताना जयदीप म्हणाला, "राव, तिथं युद्ध पेटलं तर आपल्या गाड्यांत बसवायच्या चिप येणार न्हाईत. आपली लाइन बंद पडंल." मग सगळे ओव्हरटाइम जाणार म्हणून कुरकुरायला लागले. माझी पोरगी तिथंच आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही. अर्धा डबा तसाच ठेवून उठलो.

खरं तर 'निघून ये' असं लिहायलाच बसलो होतो. हे वाचलंस तर तू येशीलही. पण त्या बाईंचं काही बरंवाईट झालं, तर तू जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीस. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

रविवारी फोनवर एवढंच सांगेन, की त्यांना उतरवताना तू एक पायरी पुढं राहा आणि त्यांचा हात तुझ्या खांद्यावर घे.

तुझे बाबा,
चिखली