नाल्याकडची हाक

बाबा, अभयारण्यात गाइड म्हणून जिप्सीत बसतो तेव्हा पाहुण्यांना मी तुमचंच सांगतो. चितळाचा तोकडा, तीक्ष्ण आवाज म्हणजे त्याला वाघ किंवा बिबट दिसला. छातीतून ओढलेला, पुन्हापुन्हा येणारा घोगरा आवाज म्हणजे माजावर आलेला नर, दुसऱ्या नराला ललकारतोय. मग कोणीतरी म्हणतं, काका, काढून दाखवा ना. मी म्हणतो, मला नाही येत.

शिकार तुम्ही केव्हाच सोडली होती. पण मोहफुलं वेचायला गेलात की हातांचा द्रोण तोंडाला लावून माजावरच्या नरासारखी हाक द्यायचात आणि नराचं उत्तर आलं की खुशीत हसायचात. मग टाळ्या वाजवून त्याला पिटाळायचात. मी ती हाक शिकत होतो तेव्हा म्हणालात, "ढेकर देऊन राह्यला का? छातीतून काढ." पुढे जमायला लागलं तरी तुमची एक तक्रार राहिलीच, की मी शेवट फार लांबवतो, नर असा लांबवत नाही. आणि एक ताकीद होती. "बंदूक असली तर हाक द्याची नाही. माजावर त्याले कायचंच भान नसते. भुलवून मारू नये."

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. साळा आपल्या दोस्ताला घेऊन आला, दोस्ताकडे बंदूक. सासरच्या माणसांपुढे मला शेखी मिरवायची होती, दुसरं काही नाही. सकाळी नाल्याकाठी मी हाक दिली. उत्तर आलं. पुन्हा दिली. तो मान खाली घालून सरळ आमच्याकडे चालत येतो आहे, शिंगांत वेल अडकलेला, माझ्याकडेच बघतो आहे. पळायचं त्याच्या मनातही नाही. दोस्ताने बार काढला.

त्या दिवशी तुम्ही पलीकडच्या मोहाखाली होतात, हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी चुलीपाशी जेवायला बसलात. "भाजी कायची हाय?" मी म्हणालो, "बकऱ्याचं मटण. पाहुण्यायनं आणलं." तुम्ही वाटी बाजूला सरकवली आणि भाकरीवर चटणी घेतली. थोड्या वेळाने म्हणालात, "सकाळी नाल्याकडं नर बोलून राह्यला होता. शेवट मातर लय लांबवत होता." मी खाली मान घालून जेवत राहिलो. बायको चुलीतली लाकडं उगाच मागंपुढं करत होती.

त्यानंतर त्या गोष्टीचा तुम्ही कधी उच्चार केला नाहीत. मोहाच्या दिवसांत जात राहिलात, पण हाक देताना तुम्हाला कोणी ऐकलं नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजारपणात शेवटी शेवटी तुम्ही खाटेवरून म्हणालात, "एक खेप हाक देऊन दाखव. लय दिवस झाले आयकून." मी म्हणालो, "विसरलो बाबा." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग भिंतीकडे कूस वळवलीत. तेव्हा मला वाटलं, हाक दिली तर तुम्ही ओळखाल. आता कळतं, ओळखलं तर तुम्ही त्याच सकाळी होतं. मी कबूल करावं म्हणून तुम्ही मला वाट करून देत होतात, आणि मी तीही बंद केली.

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी करून गाइडच्या वर्दीच्या खिशात ठेवीन, धुण्यात जाईल. पण मी विसरलो नव्हतो, बाबा. काल घरी कोणी नव्हतं, तेव्हा तुमच्या खाटेपाशी उभं राहून हाक दिली. शेवट अजूनही लांबतो.