साडेसदतीस किलो आणि तीन डबे

७ जानेवारी, मंगळवार
वजन साडेसदतीस. डॉ. बाईंनी मला काट्यावर दोनदा उभं केलं. "मंगलताई, चाळीस झाल्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावणार नाही. अंगात प्रोटीनच नाही, टाके भरून कसे येतील?" म्हणजे गर्भाशयातल्या गाठी तशाच. महिन्यातले बारा दिवस अंगावरून जाणं तसंच. संगमनेरहून येताना गाडीवर मागे बसून रडले, ह्यांना कळलं नाही.
मेडिकलमधून पावडरचा डबा घेतला. व्हॅनिला. दोन चमचे दोन वेळा, पाण्यातून नाहीतर दुधातून. आत्या लगेच म्हणाल्या, "सुनंला पान्यात कालवून पाजू व्हय? दावणीला चार म्हशी हायेत." माझ्यासाठी एका म्हशीचं वेगळं काढणार आहेत.

१० जानेवारी, शुक्रवार
व्हॅनिला म्हणे. नव्या चपलेच्या खोक्याचा वास. गरम दुधात गुठळ्या होतात, त्या दातांत बसतात. पेला संपवायला अर्धा तास लागतो. आत्या समोर बसून असतात, त्यामुळे ओतताही येत नाही.
संध्याकाळी पोट टम्म. आमच्या दूध संकलन केंद्रावर दूध घेता घेता तीनदा आत पळाले. कॅन घेऊन माणसं ताटकळली. मळ्यातले एक म्हातारे म्हणाले, "ताई, फॅट लावताय का जाऊ?" जा म्हणणार होते. मशीनवर त्यांच्या दुधाची फॅट लावली.

१५ जानेवारी, बुधवार
काल संक्रांत. वाणाला गेले नाही, कारण कोणाच्या घरी संडास कुठे ते विचारत बसायची लाज वाटते.
हे म्हणाले, "तू पितच न्हाईस. मोरीत ओतीत असशील."
पोटात मुरडा धरून बसलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. म्हटलं, उद्यापासून तुम्ही प्या, मी बघते. ह्यांनी डबा उचलून परसात भिरकावला. झाकण अजून सापडलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
धाकट्या दिरांनी नगरहून दुसरा डबा आणला. चॉकलेट. वर दंड फुगवलेला, तेल चोपडलेला माणूस. मला चाळीस किलो व्हायचंय, आखाड्यात उतरायचं नाही.
चव बरी, पहिले चार घोट. नंतर इतकं गोड की जीभ आखडते. आजारी माणसाला गोडच आवडतं हे कोणी ठरवलं? मला तिखट आवडतं. एकवीस वर्षांत या घरात कोणी विचारलेलं नाही, तर डबेवाला काय विचारणार.
पोटाचं तेच. आत्यांचं म्हणणं, पावडर हलकी आहे, दूध वाढवायला हवं. आता वर साय घालतात.
वजन छत्तीस आठशे. उतरलं.

२३ जानेवारी, गुरुवार
मेडिकलमधल्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वाटाण्याची पावडर दिली, बिनगोड, कसलाही वास न घातलेली. तिसरा डबा. हे दुकानाबाहेर गाडी चालू ठेवून उभे. "अजून किती डबे बदलनार?" मी डबा मांडीवर धरून मागे बसले.
उद्या अक्काकडे, थोरल्या बहिणीकडे, पाथर्डीला जाते. चार दिवस केंद्र ह्यांनी सांभाळायचं. सांगितलं, विचारलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार, पाथर्डी
अक्का म्हणाली, "दूध चहापुरतं येतंय आमच्याकडं. पान्यात कालीव." कालवलं. कच्च्या बेसनासारखं लागलं. तिनं मीठ, जिरेपूड घातली, लिंबू पिळलं. पातळ पिठलं गार प्यावं तसं. मी दुसरा पेला मागितला. या महिन्यात पहिल्यांदा काही मागितलं.
अक्का पाहत होती. म्हणाली, "किती वाळलीस गं." तेवढ्यावर दोघी रडलो.

२७ जानेवारी, सोमवार, पाथर्डी
तीन दिवस पोट गप्प. काल भाकरी दीड खाल्ली, वर ठेचा. वाटाण्याची पावडर मानवली. सुटले.

२९ जानेवारी, बुधवार
कुठली सुटते. घरी आले, आत्यांनी तीच पावडर दुधात घालून दिली, बळंच. दोन तासांत पोट नगारा.
डबा तोच. चमचा तोच. मग...

३१ जानेवारी, शुक्रवार
काल दिवसभर पावडर पाण्यातून घेतली. काही नाही. आज सकाळी नुसतं दूध प्यायले, पावडर न घालता. साडेनऊपर्यंत दोनदा आत.
दूध. ते तिन्ही डबे नाहीत, दूध.
अठरा वर्षं सकाळ-संध्याकाळ अख्ख्या गावाचं दूध मशीनला लावते. कोणी तांब्याभर पाणी घातलं तरी मला कळतं. आणि स्वतःच्या पोटात काय चाललंय ते कळायला महिना गेला. कारण दुधावर संशय घ्यायचा असतो हे आमच्यात कोणाच्या डोक्यातच येत नाही. पावडर वाईट, डॉक्टर वाईट, मंगल खोटारडी. दूध नाही.
आणि मला आधी कळणार तरी कसं? चहाएवढं सोडून सगळं दूध केंद्रावर जातं. या घरात पेलाभर दूध मला मिळालं तेच या दुखण्यात.
डॉ. बाईंना फोन केला. म्हणाल्या, होतं असं, पुष्कळांना दूध पचत नाही. एका वाक्यात. त्यांचा राग आला, मग माझा स्वतःचा.

२ फेब्रुवारी, रविवार
घरात सांगितलं. आत्या उठून गोठ्यात गेल्या. तिथून ऐकू येईल असं बोलल्या, "माझ्या म्हशीला नाव ठेवलं. पहाटं उठून काढते मी हिच्यासाठी."
ते खरं आहे. काढतात. गुडघे धरून खाली बसतात आणि काढतात. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाईट वाटतं म्हणून आणखी राग येतो.
ह्यांचं वेगळंच. "बाहेर बोलू नगंस. केंद्रवालीलाच दूध पचत न्हाई म्हनल्यावर लोक म्हनतील, हे दुधात काय तरी मिसळत्यात. उद्या दुसऱ्याच्या केंद्राला घालतील."
मी मेले तर काय सांगणार होतात लोकांना? हे तोंडात आलं होतं. इथे लिहिते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
अडतीस दोनशे. वाटाणा, पाणी, जिरेपूड, लिंबू, कधी हिरव्या मिरचीचा ठेचा चिमूटभर. स्टीलच्या झाकणाच्या डब्यात घालून केंद्रावर नेते. कोणी विचारलं की ताक म्हणायचं, अशी ह्यांची ताकीद. दिवसातून दोनदा खोटं बोलते.
आत्या अबोल. पेला मात्र रोज ओट्यावर झाकून ठेवतात. मी हात लावत नाही. दुपारपर्यंत त्यावर साय धरते, मग त्या उचलून नेतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार
एकोणचाळीस तीनशे. पाळी आली, पाचवा दिवस, उभं राहवत नाही. स्टुलावर बसून फॅट लावली. एक बाई म्हणाली, "वहिनी, घरचं दूध पीत जा की, तुमाला काय कमी?" माझ्या हातातली सॅम्पलची बाटली फुटली असती. हे मागे उभे होते. हसले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
चाळीस शंभर. काट्यावरून उतरवेना मला.
डॉ. बाई खूश. "कशानं वाढलं एवढं?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "घरचं दूध, मॅडम. म्हशीचं."
दार उघडं. बाहेर बाकावर आमच्या गावच्या दोघी बसलेल्या. मला दिसत होत्या. ह्यांनाही.
म्हटलं, "दुधानं नाही. दुधानं मी छत्तीसवर गेले होते. मला दूध पचत नाही. पाण्यातून घेतलं तेव्हा वाढले." मोठ्यानं म्हटलं. बाकावरच्या दोघींनी मान वळवली.
हे उठून बाहेर गेले. मी पुढच्या सूचना एकटीनं लिहून घेतल्या. खाली आले तर गाडी नव्हती. एसटीनं आले.

२ मार्च, रविवार
काल संध्याकाळी केंद्रावर सहा जणांनी दूध घातलं नाही. आज सकाळी आणखी चार जणांनी. हे ते मोठ्यानं मोजतात, मला ऐकू येईल असं. माझ्याशी बोलत नाहीत. आत्या दोघांशीही नाही.
उद्या सकाळी आठला ॲडमिट. उपाशीपोटी. सोबत घरचं एक माणूस, सहीला. बॅग मीच भरली: दोन गाऊन, टॉवेल, फाईल.
जेवताना विचारलं, उद्या कोण येतंय. हे म्हणाले, "केंद्र कोन बघनार?" आत्यांनी मान वर केली नाही.
अक्काला फोन लावला, उचलला नाही. पाथर्डीहून पहिली गाडी धरली तरी ती आठला पोचत नाही.
सहाची एसटी आहे. मी तिनं निघणार.