वजनाचा रकाना

ला पाझ, मंगळवार

प्रिय बाबांना विल्माचा नमस्कार.

मी मजेत आहे, खोलीही उबदार आहे. आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, सरकारसाठी बाजारभाव टिपताना मी पावाचा भाव ‘तोच’ असं लिहिलं. पाव लहान झालाय हे मला दिसत होतं, पण फॉर्मवर वजनाचा रकानाच नाही. बेकरीवाल्या मॅक्सिमाबाईंनी टोमणा मारला, “लिहिणाऱ्या बाई, पाव कधी हातात धरलाय का?” आपल्या बेकरीतच वाढलेली मी, तरी वही मिटून पुढच्या दुकानाकडे वळले.

आता सरकार म्हणतंय, पाव महागलेला नाही, म्हणून बेकऱ्यांना सवलतीचं जादा पीठ मिळणार नाही. म्हणजे तुम्हालाही नाही.

उद्या साहेबांपुढे तराजू ठेवून खरं सांगणार आहे. नोकरी गेली तर भट्टीपाशी उभं राहू द्याल ना?

तुमची, पीठ मळणं न विसरलेली,
विल्मा